घरकुल आणि घरधनी

‘लाभार्थी’ हा शब्द सरकारी दप्तरात रूढ झाला आणि स्वतःचे घर स्वतः बांधणारा घरधनी त्या दप्तरातून हळूहळू लोपला. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. कंत्राटदार नेमू नये, घर कुटुंबानेच बांधावे, स्थानिक साहित्याला वाव असावा, हे योजनेचे धोरणही स्तुत्यच होय. परंतु ‘पक्के’ म्हणजे सिमेंट-सळईचेच, ही समजूत खेड्यापाड्यांत दृढ झाली आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, तेव्हा त्या स्लॅबखालील काहिलीचा विचार कोणी करावयाचा?

याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. १९३६ साली सेगावात, म्हणजेच आजच्या सेवाग्रामात, गांधीजींसाठी निवास उभारावयाचा होता. गावचे साहित्य, गावचे मजूर आणि शंभर रुपयांच्या आत खर्च, असा त्यांचा आग्रह होता. पुढे बापूकुटी म्हणून ओळखली गेलेली झोपडी मीराबेन यांनी मुळात स्वतःसाठी बांधविली. तिच्या मातीच्या भिंतींवरील ताडवृक्ष आणि चरखा त्यांच्याच हातचे.

ही केवळ स्मारकाची गोष्ट नव्हे. डॉ. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडविलेली शंकूच्या आकाराची कौले एकात एक गुंफून कमानीचे छप्पर सिद्ध केले. त्यास ना लाकडाचे वासे लागतात, ना लोखंडी सळई. आणि छपराचा पैसा गावच्या कुंभाराकडे जातो.

अर्थात, मातीचे घर दरवर्षी लिंपावे लागते, त्यास वाळवीचे भय असते आणि लिंपणाचे कष्ट बहुधा घरच्या स्त्रीलाच उपसावे लागतात. स्वतः बंगल्यात राहून गरिबाला मातीचा महिमा सांगणे हा दांभिकपणाच ठरेल. म्हणून सक्ती नको, निवड हवी. मात्र ज्या गवंड्याने असे छप्पर कधी रचलेलेच नाही, त्याच्या गावात कागदावरील मुभा व्यर्थ होय.

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत असे एकेक घर गावच्या गवंड्यांकडून व कुंभारांकडून, जाणकारांच्या देखरेखीखाली बांधवून घ्यावे. ते उन्हापावसात पारखून मग लोकांनी आपला कौल द्यावा. घरकुलांची संख्या वाढविणे हे शासनाचे कर्तव्य आहेच. घर बांधण्याची विद्या गावात टिकविणे हेही त्याचेच कर्तव्य आहे.