मागची पडवी, तिला पडवीच राहू द्या

सध्या आमच्या घरात एकच विषय गाजतोय. चौलच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीचं काय करायचं?

दादाचं म्हणणं, सरकत्या खिडक्या लावून ती बंद करू आणि एसी बसवू, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने द्यायला एक खोली वाढेल. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मुंबईकरांना गाडीसकट येणं सोपं झालं, तेव्हा हिशेब काही खोटा नाही. जुन्या घराला पैसा लागतोच. तरीही माझं मत विरुद्ध आहे, आणि ते नुसतं आठवणींपोटी नाही.

पहिलं कारण हवेचं. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पडवीवर छप्पर इतकं खाली उतरवलेलं असतं ते माजघराच्या भिंतीला ऊन-पाऊस लागू नये म्हणून. पडवी बंद केली की माजघराचा वाराही बंद. मग भिंतींना ओल, कपाटाला बुरशी, आणि आतल्या खोलीलाही एसी!

दुसरं कारण माणसांचं. पुढची ओटी पुरुषांची आणि आल्यागेल्याची. मागची पडवी बायकांची. सुपारी सोलणं, आमसुलं वाळवणं, सगळं इथेच. म्हणजे ती काही नुसती विसाव्याची जागा नव्हती, राबायचीच होती. पण उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसता येईल अशी त्यांची हक्काची जागा तेवढीच. काकू आजही रोज दुपारी तिथेच बसते. पडवीत पाहुणे आले तर तिने बसायचं कुठे? हे तिला कोणी विचारलंय का?

आता सजावटीबद्दल. मला विचाराल तर थोडंच ठेवावं. लोखंडी फर्निचर नको, खाऱ्या हवेत ते पटकन गंजतं. झोपाळ्याला पितळी कड्या. फोमच्या गाद्या पावसाळ्यात कुबट होतात, त्यापेक्षा घडी करून आत नेता येईल अशी सतरंजी बरी. खाली शहाबादी फरशी आहे तीच राहू दे, गुळगुळीत टाइलवर ओला पाय घसरतो. काकूसाठी हाताची, जरा उंच बैठकीची लाकडी खुर्ची हवी, म्हणजे उठताना आधार मिळेल. आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या माळांसाठी एक दांडी. पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधायचे आणि दिवाळीआधी सोडायचे. झालं!

राहिलं छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात कौलं उडाली, तेव्हा पत्रे घातले. त्या घाईत तेच शहाणपणाचं होतं. पण पत्रा दुपारी तापतो आणि पावसात बोलू देत नाही. खर्च करायचाच असेल तर आधी पुन्हा कौलं घालू. वाडीतल्या पडलेल्या सुपाऱ्यांच्या जागी लावलेली रोपं वाढायला वर्षं लागतात, तसं हेही सावकाश होऊ दे.

आणि भाड्याचं म्हणाल, तर ओटीलगतची खोली वर्षातले बरेच महिने बंदच असते. ती द्या की! पाहुण्यांना वेगळं दारही मिळेल.

असो. दादा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे :-) सुताराला बोलावण्याआधी एकदा काकूशी बोल. बाकीच्यांनी आपापल्या घरच्या पडव्यांचं काय केलंत तेही जरूर कळवा.