सळई खाली की वर?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एक ठरलेला प्रश्न असतो : पोलाद रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक का? तुमच्या घरात अकरावीचं मूल असेल तर विचारून बघा. उत्तर धाडधाड येईल. सारखाच स्ट्रेस दिला तर पोलादात स्ट्रेन कमी, म्हणून यंग गुणांक जास्त, म्हणून पोलाद जास्त स्थितिस्थापक. पैकीच्या पैकी गुण! आता पुढचं विचारा. घराच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या बाजूला असतात, मग खिडकीवरच्या छज्ज्यात त्या वरच्या बाजूला का? इथे बहुतेक मुलं गप्प होतात. खरं तर दोन्ही प्रश्न एकाच धड्यातले आहेत.

माझं मत स्पष्ट आहे : हा धडा आपण उलट्या टोकाने शिकवतो. आधी व्याख्या, मग सूत्र, मग गणितं. वस्तू हातात घ्यायची वेळ आलीच तर प्रॅक्टिकलला, तीही जर्नल भरण्यापुरती.

गादीवाल्याकडून फोमचा वीतभर लांब, दोन बोटं जाड तुकडा आणा. त्याच्या लांब बाजूवर मार्करने एकेक सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा. दोन टोकं दोन डस्टरवर ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. वरच्या कडेला रेघा जवळ येतात, खालच्या कडेला फाकतात. म्हणजे वरचा भाग दबतोय, खालचा ओढला जातोय. हा झाला स्लॅब. आता एक टोक जाड पुस्तकाखाली दाबून धरा, बाकीचा तुकडा टेबलाबाहेर काढा आणि मोकळ्या टोकावर खोडरबर ठेवा. रेघा आता वर फाकतील. हा झाला छज्जा.

यात काँक्रीटचा स्वभाव मिसळा, की उत्तर आलंच. एम-20 काँक्रीट 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसतं. पण ओढलं तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तडकतं. म्हणून जिथे रेघा फाकतात तिथे सळई. पाचवीतलं मूलही हे बोट ठेवून दाखवेल, सूत्र न शिकवता.

सळईवर उमटवलेला आकडाही वर्गात आणा की. गावोगावच्या भिंतींवर ‘500 डी’च्या जाहिराती रंगवलेल्या असतात, मुलं रोज वाचतात. ते 500 म्हणजे चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन. तेवढ्या ओढीपर्यंत सळई साधारण आपल्या मूळ लांबीवर परत येते, त्यापुढे कायमची लांबते. पोलादाचा यंग गुणांक 200 गिगापास्कल धरला तर एक मीटर सळई तोवर जेमतेम अडीच मिलिमीटर लांबलेली असते. ‘डी’चा अर्थ याच्या पुढचा : ही सळई तुटण्याआधी किमान 16 टक्के ताणली गेली पाहिजे. नुसत्या ‘500’ला 12 टक्के चालतात. भूकंपात घर एकदम न कोसळता आधी वाकावं, यासाठी ही ताणली जाण्याची ताकद लागते. पुस्तकातला तो वाकडा आलेख हाच, फक्त भिंतीवर रंगवलेला.

आणखी एक तक्रार. हुकचा नियम आपण सांगतो, पण तो कुठे संपतो ते दाखवत नाही. रॉबर्ट हुकने 1676 मध्ये तो आधी अक्षरांच्या कोड्यात छापला (दुसऱ्या कुणी श्रेय घेऊ नये म्हणून!) आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला, तेही स्प्रिंगांना, तारांना वजनं टांगून मोजून. आपल्या मुलांच्या हाती निदान बाइंडिंग वायर द्या. थोडी वाकवली की परत येते, जास्त वाकवली की तशीच राहते, पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. दुधाच्या पिशवीची पट्टी हळूहळू ओढली की मध्येच बारीक होत लांबते आणि परत येत नाही. खडू वाकवला तर सरळ तुटतो, पिळला तर तिरका तुटतो. मुलांना वस्तू मोडू द्यायला आपण का घाबरतो, मला कळत नाही. खडू स्वस्त असतो.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ हा प्रश्न येणार. रास्त आहे, सीईटी डोक्यावर असते. पण फोमला पंधरा मिनिटं लागतात आणि त्यानंतर गणितं भरभर सुटतात, कारण कुठला भाग ओढला जातोय हे मुलांना आधीच दिसलेलं असतं.

पालकांसाठी एवढंच, की गावाकडे घराचा स्लॅब पडणार असेल तर मुलांना आदल्या दिवशी साइटवर न्या. छज्ज्याच्या आणि गॅलरीच्या सळया वर उचलून धरायला खाली वाकवलेल्या गजाचे तुकडे, म्हणजे ‘चेअर’, लावलेत का ते बघायला सांगा. काँक्रीट ओतताना माणसं जाळीवरून ये-जा करतात, सळया दबून खाली बसतात; मग सेंटरिंग काढताना किंवा पुढे कधीतरी छज्जा भिंतीपाशी वरून तडकतो, नाहीतर थेट खाली येतो. मिस्त्री जाणता असेल तर चिडणार नाही, उलट मुलांना सगळं दाखवेल. आणि चेअर नसतील, तर काँक्रीट यायच्या आधी त्या लावून घ्या.