परभणीच्या कोठडीतील मृत्यू : गृहमंत्र्यांस अनावृत पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढे काचेच्या पेटीत असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, आणि त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. बंदमधील दगडफेकीचे समर्थन मी करीत नाही. तिच्यासाठी कायदा आहे, लाठी नव्हे.

पोलिसांच्या मारहाणीची तक्रार सोमनाथने दंडाधिकाऱ्यांपुढे केली नव्हती व त्यास श्वसनाचा विकार होता, असे आपण विधानसभेत सांगितले. परंतु ज्यांच्या पहाऱ्यात आरोपी उभा असतो आणि ज्यांच्या पहाऱ्यातच त्याला परत जावयाचे असते, त्यांच्या देखत त्याने त्यांच्याविरुद्ध फिर्याद सांगावी, ही अपेक्षा कोणता अनुभवी प्रशासक करील? शवविच्छेदनाचा अहवाल तर अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याकडे बोट दाखवीत होता, आणि पुढे न्यायालयीन चौकशीनेही पोलिसांवरच ठपका ठेवला.

इतके होऊनही गुन्हा दाखल करून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले, आणि ४ जुलै २०२५ रोजी हुकूम झाला तेव्हा त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. गुन्हा नोंदविणे म्हणजे शिक्षा नव्हे, तो केवळ तपासाचा आरंभ. तो आरंभदेखील होऊ नये म्हणून शासनाने सरकारी तिजोरीतून वकील उभे करावेत, याचे मला अतोनात दुःख होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला हस्तक्षेप नाकारला.

शासन न्याय देईल यावर लोकांचा विश्वास उरलेला नाही; त्याआधीच्या थंडीत परभणीहून मुंबईकडे पायी निघालेल्या स्त्री-पुरुषांना हाच अविश्वास रस्त्यावर घेऊन आला होता. तो निराधार नाही. २००३ साली मुंबई पोलिसांच्या ताब्यातून ‘पळून गेला’ असे ज्याच्याविषयी सांगण्यात आले, तो तरुण अभियंता ख्वाजा युनूस याच परभणीचा. दोन दशके उलटली तरी त्याच्या कथित कोठडीमृत्यूच्या खटल्याचा निकाल लागला नव्हता.

म्हणून विनंती अशी की, सोमनाथच्या मातेला मान्य असलेला विशेष सरकारी वकील नेमावा, ज्यांच्यावर ठपका आहे त्यांना खटला संपेपर्यंत परभणीच्या बंदोबस्तापासून व तेथील साक्षीदारांपासून दूर ठेवावे, आणि पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण तपासाधिकाऱ्यांच्या हवाली करावे.

आपला,
एक नागरिक