नव्या तबकडीला श्रोता हवा

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ५ जुलै २०२५ रोजी, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. बँडचे चारही मूळ सभासद वीस वर्षांनी एका रंगमंचावर आले होते. गायक ऑझी ऑस्बर्न कंपवाताने जर्जर झालेले. त्यांनी सिंहासनवजा खुर्चीत बसूनच गाणी म्हटली आणि पुढे अवघ्या सतरा दिवसांनी, २२ जुलैला, त्यांचे निधन झाले. अशा प्रसंगी टीका करणे अप्रस्तुत ठरेल, आणि तशी ती करण्याचा आमचा इरादाही नाही. परंतु त्या रात्री सॅबथने जी चार गाणी वाजवली ती चारही एकाच वर्षातील, म्हणजे १९७० सालातील होती, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. या बँडने एकंदर १९ अल्बम काढले. त्यांतील शेवटचा, ‘१३’ या नावाचा, २०१३ साली निघाला व ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तो मान सॅबथला सुमारे ४३ वर्षांनी पुन्हा मिळाला होता. मूळ ड्रमवादक बिल वॉर्ड त्या अल्बममध्ये नव्हते, तेव्हा तो वगळला गेला हे एक वेळ समजू शकते. पण १९७० नंतरच्या साऱ्या कारकिर्दीतून एकही गाणे निरोपाच्या रात्री खुद्द बँडने वाजवू नये, आणि त्याची उणीव तेथे जमलेल्या सहस्रावधी श्रोत्यांपैकी बहुतेकांना भासू नये, याचा अर्थ काय लावायचा?

हार्ड रॉक किंवा हेवी मेटल हे शब्द उच्चारताच आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. हा निव्वळ गोंगाट आहे, असे त्यांचे मत असेल तर त्यांना त्या मतापासून परावृत्त करण्यासाठी हा लेख नाही. मात्र हा गोंगाट कोठून आला हे पाहण्यासारखे आहे. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी हे सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करीत. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे नेमकी तीच बोटे तारांवर दाबायची होती. त्यांनी साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१ पासून तारा सैल सोडून वाद्याचा स्वरच खाली उतरवला. ज्या खर्जातील जड नादावर पुढच्या पन्नास वर्षांचे मेटल उभे राहिले, त्याच्या पोटी एका कामगाराचा अपघात आणि त्यातून सुचलेली युक्ती आहे. त्यांची पहिली तबकडी लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आली. त्या काळच्या नामवंत समीक्षकांनी तिची टर उडवली. श्रोत्यांनी मात्र ती विकत घेतली. सात महिन्यांत दुसरी तबकडी निघाली, ‘पॅरानॉइड’. तिचे शीर्षकगीत तबकडीवर उरलेली जागा भरण्यासाठी घाईघाईने रचले होते, असे बँडच्या सभासदांनीच पुढे अनेकदा सांगितले. व्हिला पार्कवर अखेरचे म्हणून वाजले ते हेच जागा भरणारे गाणे.

तेव्हा १९७० चा श्रोता नव्याला घाबरणारा नव्हता. कधीही न ऐकलेले, जाणकारांनी नाक मुरडलेले संगीत त्याने पदरचे पैसे मोजून घरी नेले. आजचा श्रोता त्याच तबकडीची पूजा करतो आणि त्याच बँडची नवी तबकडी निघाली की ती एकदा चाळून बाजूला ठेवतो. मैफलीत तर नव्या अल्बममधील गाणे सुरू होताच खाद्यपेयांच्या दुकानांकडे पावले वळू लागतात, असे या क्षेत्रातील जाणते लोक विनोदाने म्हणतात. विनोद कडवट आहे. आवडते गाणे पुन्हा मागण्याचा दोष केवळ पाश्चात्त्यांना देऊन चालणार नाही. संगीत नाटकांचा आमचा प्रेक्षक एकेका पदाला वन्समोअर घेऊन रात्र पहाटेपर्यंत लांबवीत असे. फरक इतकाच की, वन्समोअर मिळालेला आमचा गायक त्याच पदात दुसरी जागा घेई, नवी तान टाकी, आणि श्रोत्यालाही तेच हवे असे. तबकडीवर कान तयार झालेल्या श्रोत्याला गाणे जसे मुद्रित झाले तसेच हवे असते; गायकाचे वय सत्तर झाले तरी स्वर तिशीतलाच हवा असतो.

या मागणीला एकदा तरी जाहीर आव्हान देण्याचे धाडस ‘आयर्न मेडन’ या इंग्रजी बँडने केले. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा अल्बम निघाला. त्यानंतरच्या दौऱ्यात त्यांनी त्यातील दहाच्या दहा गाणी, सुमारे ७२ मिनिटांचा ऐवज, त्याच क्रमाने वाजवला आणि जुन्या गाण्यांना शेवटी थोडी जागा दिली. काही श्रोते रुष्ट झाले, काहींनी ओरडा केला. बँडने त्या वर्षी तरी माघार घेतली नाही. पण २००७ च्या मार्चमध्ये हाच दौरा बंगळूरला आला तोवर नव्या अल्बममधील गाणी निम्म्यावर आली होती. पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांच्या नव्या जागतिक दौऱ्याची सुरुवात आपल्या मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. गायक ब्रूस डिकिन्सन हे स्वतः वैमानिक असल्याने बँडचे विमानही तेच चालवीत, याचे त्या वेळी फार कौतुक झाले. ते योग्यच होते. पण तो दौरा मुख्यतः १९८० च्या दशकातील गाण्यांचा होता. मुंबईच्या तरुणांनी आपल्या जन्मापूर्वीची गाणी तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांचा आनंद खरा होता, यात शंका नाही. तरीही ज्या बँडने दोनच वर्षांपूर्वी सबंध नवा अल्बम श्रोत्यांसमोर ठेवण्याची हिंमत दाखवली, तिचे ते रूप मुंबईने पाहिले नाही, याची रुखरुख आम्हांला वाटते. २०२५ च्या दौऱ्यात तर मेडनने पहिल्या नऊ अल्बमांपलीकडे, म्हणजे १९९२ च्या अलीकडे, पाऊलच टाकले नाही.

यामागे अर्थकारण आहे हे उघड आहे. पूर्वी दौरा काढायचा तो तबकडी खपावी म्हणून. आता तबकडी काढायची ती दौऱ्याची जाहिरात म्हणून. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ने २०१४ च्या अखेरीस विक्रीची यादी करण्याची रीत बदलली आणि एका अल्बममधील गाणी इंटरनेटवरून १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला असे धरण्यास प्रारंभ केला. म्हणजे एकाच गाण्याचे पारायण करणारा आणि सबंध अल्बम मन लावून ऐकणारा हे दोघे हिशेबाच्या वहीत एकाच रकान्यात आले. पुढे २०२४ पासून ‘स्पॉटिफाय’ने असा नियम केला की, वर्षभरात हजाराहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनाचा एक पैसाही मिळणार नाही. मेटॅलिकाला या नियमाची झळ बसत नाही. ज्याची पहिलीच तबकडी निघाली आहे, त्या अनामिक मुलाला ती बसते. हजारची मर्यादा क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. रक्कम क्षुल्लकच आहे; पण ज्याचे कोणी ऐकले नाही त्याचे मोलही नाही, हे तत्त्व क्षुल्लक नाही.

असे असता वयाची सत्तरी गाठलेली ही मंडळी नवे अल्बम काढतातच का? पैशासाठी म्हणावे तर जुन्या गाण्यांवर तो अधिक मिळतो. ‘जुडास प्रीस्ट’ या बँडचे उदाहरण पाहावे. हाही बर्मिंगहॅमच्या परिसरातला. ‘ब्रिटिश स्टील’ हा त्यांचा गाजलेला अल्बम १९८० च्या एप्रिलमध्ये निघाला, तेव्हा ब्रिटनमधील पोलाद कामगारांचा तीन महिन्यांचा संप नुकताच मिटला होता. नाव सार्थ होते. त्यांचे गिटारवादक ग्लेन टिप्टन यांनी आपल्याला कंपवात असल्याचे २०१८ साली जाहीर केले व दौऱ्यांतून बहुतांशी अंग काढून घेतले. स्टुडिओतून मात्र काढले नाही. ८ मार्च २०२४ रोजी निघालेल्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’वर ते आहेत, गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचे होते. तो अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. आम्हांला तो वृद्धांचे कौतुक म्हणून नव्हे, तर अल्बम म्हणून आवडला: चाली घट्ट, गती तरुणांना लाजवणारी. ‘एसी/डीसी’चा ‘पॉवर अप’ हा २०२० चा अल्बम त्यापेक्षा कमी प्रतीचा, पण त्यामागची गोष्ट हृद्य आहे. थोरले बंधू माल्कम यंग २०१७ साली स्मृतिभ्रंशाच्या विकाराने गेले. अँगस यंग यांनी दोघांनी मिळून जमवून ठेवलेल्या चालींतून हा अल्बम उभा केला आणि प्रत्येक गाण्याखाली भावाचे नाव लावले.

पण श्रोत्यांनाच दोषी धरून संगीतकारांना मोकळे सोडणे न्याय्य होणार नाही. सॅबथचा ‘१३’ ध्वनिमुद्रित होत असताना निर्माते रिक रुबिन यांनी बँडला आपलीच पहिली तबकडी पुन्हा ऐकावयास सांगितली, आणि तिचा प्रभाव त्या अल्बमवर इतका आहे की काही ठिकाणी नक्कल ऐकल्याचा भास होतो. स्वतःची नक्कल करणारा कलावंत श्रोत्याने मूळच मागितले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दुसरा दोष लांबीचा. लाँगप्ले तबकडीच्या दोन बाजूंवर जेमतेम ४०–४५ मिनिटे मावत, आणि त्या अडचणीमुळे फापटपसारा आपोआप गळे. ‘ब्रिटिश स्टील’ ३६ मिनिटांत आटोपतो. मेटॅलिकाचा २०२३ चा ‘७२ सीझन्स’ ७७ मिनिटे चालतो. अखेरचे अकरा मिनिटांचे गाणे त्यांच्या उत्तम रचनांत बसावे असे आहे. पण तेथवर पोहोचेपर्यंत तीन-चार गाणी अशी लागतात की, कोणी समंजस संपादक त्यांच्या खोलीत का नव्हता, असा प्रश्न आम्हां संपादनाचा व्यवसाय करणाऱ्यांना तरी पडावा.

भारतातील मुलांची स्थिती याहून अवघड. येथे बराच काळ रॉक वाजवणे याचा अर्थ परदेशी गाणी हुबेहूब वाजवणे एवढाच होता. जो अधिक हुबेहूब वाजवील तो मोठा. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने दुसऱ्यांच्या गाण्यांना मेटलचा साज चढवण्यापासून सुरुवात केली, आणि २०२२ साली ‘रक्षक’ हा स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला. त्यात ढोल आहे, बासरी आहे, हिंदी-पंजाबी बोल आहेत. तो युरोप-अमेरिकेत ऐकला गेला, कारण तो नक्कल नव्हता. मुंबईच्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ने २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. कल्पना धाडसी होती. आमच्या मराठी वृत्तपत्रांनी, त्यांत आम्हीही आलो, या प्रकारच्या संगीताची दखल घेण्यात जी उदासीनता दाखवली आहे, ती कबूल केली पाहिजे. परदेशी बँड विमानातून उतरला की छायाचित्र पहिल्या पानावर. शहरातल्या मुलांनी दहा गाण्यांचा अल्बम काढला तर चार ओळींचे परीक्षणही नाही.

चित्र सर्वस्वी निराशेचे आहे असेही नाही. ‘घोस्ट’ या स्वीडिश बँडचा ‘स्केलेटा’ हा अल्बम २५ एप्रिल २०२५ रोजी निघाला आणि अमेरिकेच्या यादीत पहिला आला. हार्ड रॉकच्या एखाद्या अल्बमला तो मान ‘पॉवर अप’नंतर प्रथमच मिळत होता. विशेष असे की, त्या विक्रीत इंटरनेटवर ऐकलेल्या गाण्यांपेक्षा हातात धरता येणाऱ्या तबकड्यांचा वाटा कितीतरी मोठा होता. पाठोपाठ मे महिन्यात ‘स्लीप टोकन’ या इंग्रजी बँडचा ‘ईव्हन इन आर्केडिया’ अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत अग्रस्थानी गेला. दोन्ही बँडचे लोक मुखवटे घालून वाजवतात, हा भाग आमच्या अभिरुचीला काहीसा पोरकट वाटतो, तो असो. पण घोस्टने त्या वर्षीच्या दौऱ्यात श्रोत्यांना मोबाइल फोन वापरण्यास बंदी केली. दाराशीच फोन एका पिशवीत बंद करून ती पिशवी ज्याच्या त्याच्या हाती द्यायची आणि कार्यक्रम संपल्यावर उघडायची, अशी व्यवस्था. चित्रीकरण करता येत नाही, मधेच दुसरे काही पाहता येत नाही, आणि नवे गाणे सुरू झाले म्हणजे ते ऐकण्यावाचून इलाज उरत नाही. लोक तिकिटे काढून आले, आणि त्यांनी ते ऐकले.