तिसरी घंटा आणि शेवटची गाडी

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात एका व्यावसायिक नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात मागे वळून पाहिले, तर बहुतेक डोकी माझ्यासारखीच पांढरी. शेजारच्या खुर्चीवर तालुक्याच्या गावाहून आलेले एक निवृत्त गुरुजी सपत्नीक बसले होते. दुसरा अंक रंगात आला असताना ते हळूच उठले. ‘शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते,’ असे कानाशी पुटपुटले आणि पायऱ्या चाचपडत दोघेही बाहेर गेले. नाटकाचा शेवट त्यांना कळलाच नाही. मला मात्र त्या दिवसापासून नाटकापेक्षा त्या दोन रिकाम्या खुर्च्याच अधिक आठवतात.

मराठी नाटक जगणार की मरणार, ही चर्चा आपण दर काही वर्षांनी हौसेने करतो. मुंबई-पुण्यात ‘हाऊसफुल्ल’चे फलक लागतातच, त्यामुळे ती चर्चा तिथे लवकर विरते. खरा प्रश्न सातारा-सांगलीसारख्या गावांचा आहे. आमच्याकडे नाट्यगृहे आहेत आणि रसिकही आहेत, पण दौरे विरळ होत चालले आहेत. असे का, हे समजून घेण्यासाठी मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

समजा, नाट्यगृहात 800 खुर्च्या आहेत आणि तिकीट सरासरी 300 रुपये. सगळा प्लॅन भरला तर जमा 2 लाख 40 हजार, निम्मा भरला तर 1 लाख 20 हजार. पण कलाकारांची बस, नेपथ्याचा टेम्पो, लॉजचे भाडे, नटांची ‘नाईट’, पडद्यामागच्या माणसांची मजुरी यांतला एक रुपयाही निम्मा होत नाही. पुण्यात सकाळी एका नाट्यगृहात आणि रात्री दुसऱ्या नाट्यगृहात प्रयोग लावून खर्च वाटून घेता येतो. आमच्याकडे एका रात्रीसाठी सगळा संसार हलवायचा. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे, हा दिलासा खराच; पण कर माफ झाला म्हणून खुर्ची भरत नाही. स्थानिक ठेकेदार एकदा हात पोळून घेतो आणि दुसऱ्यांदा ऑर्केस्ट्रा आणतो. त्याला दोष कसा द्यावा?

गंमत अशी, की हा जमाखर्च आमच्याच मातीत पहिल्यांदा मांडला गेला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये आप्पासाहेब गेले आणि तो आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. म्हणजे दौरा ही पोटासाठी काढलेली वाट होती, आणि ती सांगलीहून मुंबईकडे जात होती. आज तीच वाट उलट दिशेने येताना अडखळते आहे.

पुढे राजाश्रयाच्या जागी प्रेक्षकाश्रय आला आणि स्वातंत्र्यानंतर नगरपालिकांनी नाट्यगृहे बांधून तिसरा आश्रय दिला. या तिसऱ्या आश्रयाची वही मात्र कधी नीट लिहिली गेली नाही. बँकेत आम्ही इमारतीचा, फर्निचरचा दरवर्षी घसारा काढत असू; वस्तू झिजते हे कबूल करायची ती रीत. नाट्यगृहाच्या बाबतीत आपण झीज कबूलच करत नाही. नूतनीकरणाला निधी मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात. पण तुटलेल्या खुर्चीची, गळक्या नळाची तरतूद शोधावी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका नाट्यगृहात ऐन प्रवेशात ध्वनियंत्रणा बंद पडली. नट चार पावले पुढे आला आणि उघड्या आवाजात त्याने प्रवेश पुरा केला. आम्ही कडकडून टाळ्या वाजवल्या. खरे तर आम्हाला लाज वाटायला हवी होती.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली उभे राहिलेले हे थिएटर जळताना पाहून माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. ते अश्रू खरे होते. पण आगीने जळते ते दिसते; वाळवीने, ओलीने, उपेक्षेने जाते ते दिसत नाही, म्हणून त्यासाठी कोणी रडत नाही.

पिण्याचे पाणी, गटारे, रस्ते आधी, नाटक नंतर, असे काही मित्र म्हणतात. 2019 चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराशी या मुद्द्यावर वाद घालण्याचे धाडस माझ्यात नाही. पण रात्री साडेबाराला बायका-मुले निर्धास्त चालत घरी जातात, त्या गावाचे दिवे, रिक्षा, रस्ते हे सगळेच ठीक असावे लागते. नाटक सुटल्यावरची वेळ ही गावाची परीक्षाच असते. टाळेबंदीनंतर 22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली. तो निर्बंध सरकारने नंतर उठवला. आमच्याकडे मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायची सवयच लागली की काय, असे वाटते.

दुसऱ्यांचा हिशेब मांडून झाला, आता माझा. माझा एक जुना सहकारी दिवसभर काउंटरवर नोटा मोजून संध्याकाळी तालमीला जायचा. राज्य नाट्य स्पर्धेत त्याचा प्रयोग होता. ‘साहेब, या आज,’ असा त्याचा फोन आला. तिकीट नाममात्र होते, नाट्यगृह घरापासून पंधरा मिनिटांवर. मी ‘येतो’ म्हणालो आणि दूरदर्शन संचासमोर बसून राहिलो. त्याच महिन्यात दोन टोलनाके ओलांडून पुण्याला एका गाजलेल्या नाटकाला मात्र गेलो, वर हॉटेलात जेवलोही. नंतर भेटल्यावर तो म्हणाला, ‘चाळीसएक माणसं होती साहेब. प्रयोग मात्र झकास झाला. पुढच्या वर्षी या.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

उपाय फार मोठे नाहीत. प्रयोग संध्याकाळी साडेपाचला सुरू करावा, म्हणजे गुरुजींना शेवटची गाडी मिळेल. नाट्यगृहाचा वर्षाचा जमाखर्च दारावर लावावा. देखभालीसाठी वेगळी, इतरत्र न वळवता येणारी रक्कम ठेवावी. शाळेने वर्षातून एकदा तरी मुलांना तिकीट काढून नाटकाला न्यावे, फुकट पासावर नव्हे. आणि 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनी आपण नटराजाचे पूजन करतो, त्या दिवशी प्रत्येकाने आपल्याच गावातल्या एका हौशी प्रयोगाचे तिकीट काढावे.

यंदा सहकाऱ्याच्या प्रयोगाची तारीख मी आधीच विचारून ठेवली आहे. दोन तिकिटे जास्त घेणार आहे. त्या गुरुजींचा पत्ता घ्यायचा राहिला, ही रुखरुख आहे. पण तसे गुरुजी प्रत्येक तालुक्यात असतील. त्यांना शेवटपर्यंत नाटक पाहता आले पाहिजे.