प्रत्येक पक्ष ‘समाजवादी’! मग छोट्या समाजवादी पक्षाची ध्येयधोरणं वाचायची कशाला?

नांदुरा तालुक्यातल्या एका वाचक काकांचा गेल्या आठवड्यात डेस्कच्या नंबरवर मेसेज आला. सोबत एका पत्रकाचा फोटो होता, चार घड्या पडलेला. ‘आमची ध्येये व तत्त्वे’ असं वर लिहिलेलं आणि खाली समाजवाद, समता, श्रमाला दाम वगैरे. काकांचा प्रश्न एका ओळीचा होता: ‘भाऊ, समाजवादी म्हणजे सायकलवालेच ना? का हे दुसरे हायेत?’

हे दुसरे आहेत. सायकल हे चिन्ह असलेला समाजवादी पक्ष उत्तर प्रदेशातला मोठा पक्ष आहे. पत्रकावरचा पक्ष अगदी छोटा, नगरपालिकेच्या तोंडावर उगवलेला. त्याचं नाव इथं देत नाही, कारण प्रश्न त्या एका पक्षाचा नाही. अशी पत्रकं आपल्या हातात पडतात तेव्हा आपण काय करतो? ॲप टाकताना अटी न वाचता ‘मान्य आहे’ दाबतो तसंच. एकतर फेकतो किंवा न वाचता मान डोलावतो. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा राज्यशास्त्राशी माझा संबंध इतकाच होता. नंतर या डेस्कवर बसून पक्षांच्या घटना वाचाव्या लागल्या आणि पहिलाच धक्का बसला.

कायद्यानं सगळेच समाजवादी

लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ हे कलम आहे. ते १९८९ पासून लागू झालं. निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची असेल तर पक्षाच्या घटनेत संविधानावर आणि ‘समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही’ या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं लिहावंच लागतं. म्हणजे काँग्रेस, भाजप, दोन्ही शिवसेना, दोन्ही राष्ट्रवादी, वंचित, मनसे, सगळ्यांच्या कागदावर समाजवाद आहे. भाजपनं तर १९८० मध्ये स्थापनेच्या वेळीच ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. मग हे काका ज्यांना मत देतात, त्यातलं कोण समाजवादी नाही?

याला सगळ्यात सडेतोड विरोध आपल्याच भागात ज्यांना डोक्यावर घेतलं गेलं त्या शरद जोशींनी केला. शेतकरी संघटनेच्या या नेत्यानं १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. सरकारनं शेतमालाच्या बाजारातून हात काढावेत, ही त्यांची भूमिका. अशा पक्षाला समाजवादाची शपथ घ्यायला लावणं म्हणजे खोटं बोलायला लावणं, हा त्यांचा आक्षेप. राज्यसभेत असताना हा शब्द कायद्यातून काढण्यासाठी त्यांनी खासगी विधेयकही मांडलं. ते मंजूर झालं नाही. मला स्वतःला जोशींचं अर्थशास्त्र सगळं पटत नाही, पण या मुद्द्यावर ते प्रामाणिक होते. ज्यांना पटत नव्हतं त्यातले बाकीचे सही करून मोकळे झाले.

संविधानाच्या उद्देशिकेतला ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आला. तो काढावा अशा याचिका सर्वोच्च न्यायालयानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा घेतला गेला आहे, खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. हा अर्थ इतका ऐसपैस आहे की त्यात कुणीही बसतं. म्हणूनच पत्रकावर ‘समाजवाद’ हा शब्द दिसला तर त्यावरून काहीच कळत नाही. पुढच्या ओळी वाचाव्या लागतात.

शेकाप: तत्त्वं लिहून काढणारा पक्ष

महाराष्ट्रात तत्त्वं खरोखर बसून लिहिणाऱ्या छोट्या पक्षांत शेतकरी कामगार पक्षाचं नाव आधी घ्यावं लागतं. १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमध्येच गट बांधला, १९४८ मध्ये तो बाहेर पडला. बहुजन समाजातले शेतकरी कार्यकर्ते, ‘स्वातंत्र्य आलं पण सत्ता कुणाच्या हातात गेली’ असं विचारणारे. १९५० मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीला अधिवेशन भरलं आणि पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद ही आपली विचारसरणी असल्याचं जाहीर केलं. तोच ‘दाभाडी प्रबंध’. गंमत म्हणजे हे लिहून झाल्यावर काही वर्षांतच जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. छोट्या पक्षांचं हे जुनंच दुखणं आहे. प्रबंध मागे राहतो, लिहिणारे निघून जातात.

तरी पक्ष टिकला. विधानसभेत १९६७ मध्ये १९ आमदार, १९७८ मध्ये १३. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख. २०२४ मध्ये एकच आमदार आला, तोही सांगोल्याचा आणि गणपतरावांचा नातू. वर्गलढ्याच्या पक्षात वारसा घरात राहावा, यावर शेकापच्या लोकांनीच विचार करायला हवा.

पण संख्या बघून निकाल लावू नका. मला या पक्षाबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते उरण-पनवेलचं. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या, आगरी-कोळ्यांच्या जमिनी सरकारनं घेतल्या. भाव किरकोळ होता. जानेवारी १९८४ मध्ये शेकापचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. मागणी फक्त भाव वाढवून द्या अशी नव्हती. जमीन विकसित झाल्यावर तिची किंमत वाढणार आहे, त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा हवा, अशी होती. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज नव्या विमानतळासाठी दि. बां.च्या नावाचा आग्रह धरला जातो तो उगाच नाही.

हे वाचताना आपला जिल्हा आठवतो. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा भागातून गेला. सुरुवातीला जमीन एकत्र करून विकसित भूखंड परत देण्याचं चाललं होतं, विरोध झाला आणि बहुतेक ठिकाणी थेट खरेदी झाली. अनेकांना चांगला पैसा मिळाला, हे खरं. पण पैसा एकदाच मिळतो. गाड्या, घरं, लग्नं झाली. इंटरचेंजजवळची जमीन पुढची पन्नास वर्षं वाढत राहील आणि त्या वाढीत गावाचा वाटा नाही. इकडे घाटाखाली पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पासाठी गावं उठताहेत, काम तीन दशकं होत आली तरी संपलेलं नाही. वाढीव किमतीत वाटा हवा, हे तत्त्व कुणी इथं नीट मांडलं असतं तर वाटाघाटीची भाषाच बदलली असती. तत्त्व असण्याचा उपयोग हा असा असतो.

तुमच्या पगारातले दोनशे रुपये

दुसरं उदाहरण माझ्या पगारपत्रकातलं. दर महिन्याला २०० रुपये ‘व्यवसाय कर’, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. पहिल्या नोकरीत मी एचआरला विचारलं होतं की हे कशाचे, तर उत्तर आलं, ‘सगळ्यांचेच कापतात.’ हा कर १९७५ च्या कायद्यानं आला आणि तो रोजगार हमीसाठी होता. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा शेकाप, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट, सगळ्यांनी कामासाठी मोर्चे काढले. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारानं थोडा पैसा द्यायचा. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला.

म्हणजे कार्यक्रम डाव्यांच्या रेट्यातून पुढे आला, श्रेय मोठ्या पक्षानं घेतलं आणि पैसे अजूनही आपण देतो. छोट्या पक्षांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. निवडणुकीत ते हरतात, त्यांच्या मागण्या सरकारी निर्णयातून बाहेर येतात. मोठ्या पक्षाला त्यात नुकसान काहीच नसतं.

आता उलटी बाजू, कारण समाजवादाच्या नावाखाली आपल्याच जिल्ह्यात कापूस उत्पादकाची कोंडीही झाली. १९७१ चा कायदा, १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी. कल्पना चांगली होती. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं, सरकारनं हमीनं घ्यायचं, नफा झाला तर त्यातला वाटा द्यायचा. पण शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्या कुणालाही नाही, अशी सक्ती होती. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी सीमेवर अडवायची. मलकापूरहून मध्य प्रदेशाची हद्द किती लांब आहे, हे त्या काळातल्या कुणालाही विचारा. स्वतःचा कापूस विकणं ही तस्करी ठरली. चुकारे रखडले. शरद जोशींच्या सभांना खामगाव-मलकापूर पट्ट्यात गर्दी का व्हायची, त्याचं एक कारण इथं आहे. आधार आणि सक्ती यातला फरक ज्या समाजवादाला कळत नाही, तो शेतकऱ्याला नकोच.

सहकाराचंही तसंच. बुलढाणा जिल्हा बँक वर्धा आणि नागपूरच्या बँकांसोबत अडचणीत आली तेव्हा पीककर्जासाठी लोकांची काय धावपळ झाली, ते वेगळं सांगायला नको.

मग आपल्याकडे असा पक्ष का रुजला नाही?

माझं उत्तर अर्धं इतिहासातलं आहे. शेकाप वाढत होता तेव्हा आपण महाराष्ट्रात नव्हतोच. १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. शिवाय रायगडात शेकापला जमीन तयार मिळाली होती. तिथं खोत होते, आणि खोतांविरुद्ध चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं नांगर बाजूला ठेवून संप केला होता. वऱ्हाडात रयतवारी होती. आपला शत्रू खोत नव्हता, तो बाजार होता, सावकार होता, पाऊस होता. बाजाराविरुद्ध संप कसा करायचा, हे अजून कुणालाच नीट जमलेलं नाही.

पण छोट्या पक्षाला इथं जागाच नाही, असंही नाही. १९७७ मध्ये बुलढाण्यानं रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गवई यांना लोकसभेत पाठवलं होतं. आणि २०२४ मध्ये सोयाबीन-कापसाच्या भावावर आंदोलनं करणाऱ्या रविकांत तुपकरांनी अपक्ष लढून अडीच लाखांच्या आसपास मतं घेतली. कुणाला ते आवडोत न आवडोत, इतक्या लोकांनी मोठ्या पक्षांची चिन्हं सोडून वेगळं बटण दाबलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागत होतं. २०२५-२६ साठी तो ५३२८ झाला, लांब धाग्याच्या कापसाचा ८११०. पण कापूस निगमला विकायचा तर ॲपवर नोंदणी, स्लॉट, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्कही केंद्रानं उठवलं. हा प्रश्न मांडायला व्यक्ती मिळते, पक्ष मिळत नाही. व्यक्ती उद्या कुठेही जाऊ शकते.

छोटे पक्षही कमी नाहीत, तेही जातात. निवडणूक आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले. कारण, सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही. यातले अनेक केवळ कागदावरचे असणार आणि ते गेले त्याचं दुःख नाही. पण प्रत्येकाच्या घटनेत समाजवाद होता, हे लक्षात ठेवा.

तर काकांना मी काय लिहिलं? पत्रकावर ‘समाजवाद’ शोधू नका, तो असणारच. सोयाबीनला हमीभावाचा कायदा करू असं लिहिलंय का, आणि असेल तर भाव कोसळल्यावर फरकाचे पैसे कुठून आणणार, ते बघा. शेतकऱ्याबरोबर मजुराचं नाव आहे का बघा. शेकापच्या कागदावर मजूर होता, पण पक्ष चालला तो बहुतेक जमीनवाल्यांच्या बळावर, आणि वर्ग वर्ग म्हणताना जातीचा प्रश्न मागं पडला, ही टीका दलित चळवळीनं केली ती खोटी नव्हती. पक्षाचा हिशेब कोण तपासतो, अध्यक्ष किती वर्षांनी बदलतो, हेही त्याच पक्षाच्या घटनेत असतं. ती मागा. देत नसतील तर पत्रकाचं काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे.

रात्री उशिरा उत्तर आलं. ‘वाचलं सगळं. रोजगार हमीतून घेतलेल्या इहिरीचं कुशलचं बिल दोन वर्षांपासून अडकलं हाय. तुमच्या त्या दोनशे रुपयातले आमच्यापर्यंत येऊन राहिले का नाही, तेवढं सांगसान?’

ते शोधतोय.