आधी हंगाम विचारा, मग गोळी लिहा

‘लेकराला कसला आलाय डोक्याचा आजार? दोन धपाटे घाला, वळणावर येतंय.’ बीड जिल्ह्यात हे पारावर ऐकू येते, शाळेच्या स्टाफरूममध्येही. आता त्याला शिकलेल्यांची साथ मिळाली आहे: ‘हे अमेरिकेचं खूळ. कंपन्यांनी खोडीला आजाराचं नाव दिलं आणि गोळ्या विकल्या.’ दोन्ही पक्ष वेगळ्या वाटांनी निघून एकाच मुक्कामी पोचतात: पोराला डॉक्टरकडे नेऊ नका.

दुसऱ्या पक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. अमेरिकेत १९९४ ते २००३ या काळात दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये ‘बायपोलर’ निदानाचे प्रमाण सुमारे चाळीस पटींनी वाढले. आजार असा दहा वर्षांत चाळीस पट होत नाही. निदान करणाऱ्यांचा हात सैल झाला होता. २००४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने नैराश्यावरील गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. चाचण्यांत या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार वा वर्तन दिसले होते, बनावट गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. आत्महत्येने मृत्यू मात्र एकही झाला नव्हता.

पण हा इशारा बीडमध्ये औषधच नको म्हणून वापरणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाची भीती घालणे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. त्यांतली किती आपल्या तालुक्यात तपासली गेली? अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण आष्टीच्या आईला तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. आणि धपाट्यांनी नैराश्य हटत नाही. २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, नैराश्य असलेल्या ४३९ किशोरांपैकी गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेले ७१ टक्के बारा आठवड्यांत सुधारले. बनावट गोळीवरचे ३५ टक्के.

आता तिसरा पक्ष, घाईने चिठ्ठी लिहिणाऱ्यांचा. असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. पाचवीतला. दसरा झाला, मायबापांनी मुकादमाची उचल घेतलेली, कोयता घेऊन ते ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला गेले. पोरगा आजीकडे. मार्चमध्ये आजी त्याला दवाखान्यात आणते: ‘साहेब, ध्यान लागत नाही याचं. मास्तर रोज तक्रार करतात. रातच्याला दचकून उठतंय.’ दारापुढे रांग मोठी. पाच मिनिटांत ‘एडीएचडी’, म्हणजे अवधान न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, लिहून होते.

या निदानाचा निकष काय सांगतो? लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि सहा महिने टिकायला हवीत. उसाचा हंगामही जवळजवळ सहाच महिन्यांचा! मग ही अस्वस्थता मेंदूतल्या विकाराची की मायबापांवाचून काढलेल्या हिवाळ्याची, हे मार्चमध्ये कळणार कसे? त्यासाठी एकच प्रश्न पुरे: ‘पावसाळ्यात, आई घरी असताना, हा कसा असतो?’ तेव्हा शांत असेल, तर गोळीआधी हंगामी वसतिगृहाचा, झोपेचा, आईच्या फोनचा विचार करा. जूनमध्ये पुन्हा तपासा. तेव्हाही तसाच असेल, शाळेत, शेतात, ताटावरही, तर ते निदान नि:शंक करा. मग गोळी द्यायला कचरू नका आणि घरच्यांनी लाजू नये.

हा आग्रह पाळणे अवघड नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. दात-डोळ्यांबरोबर एवढा प्रश्न विचारणे त्यांना जमेल. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर रंगवता येईल. आणि उसाच्या फडावर सोबत नेलेल्या पोराची गोळी अर्ध्यात तुटू नये, कारण यांतल्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास उलटतो. म्हणून दसऱ्याला गाडी भरताना भांडी, पांघरुणे आणि कोयत्याबरोबर त्या पोराचा केसपेपरही पिशवीत हवा, कारखान्याजवळच्या डॉक्टरला वाचता येईल अशा अक्षरात.